'दारूपायी गेलेल्यां'चा शोक : जबानी आणि विलाप

मराठीत माणूस कर्करोगाने जातो, हृदयविकाराने जातो, अपघातात जातो. परंतु दारू 'पायी' जातो. 'ने' हा प्रत्यय मृत्यूचे कारण सांगून थांबतो. 'पायी' मात्र कारणाबरोबर निवाडाही देतो : जी गोष्ट मोलाची नव्हती तिच्यासाठी मोलाची गोष्ट गेली, आणि ज्याने जायचे नव्हते तो आपल्या मर्जीने गेला. 'नादापायी', 'हट्टापायी', 'लोभापायी' या शब्दांच्या ओळीत 'दारूपायी' हा शब्द बसतो. म्हणजे मृताच्या घरी समाचाराला आलेला शेजारी पहिल्या वाक्यातच मृताचे दोषपत्र वाचून दाखवतो. त्याच्या विधवेला उद्देशून नंतर जे बोलले जाते तेही सर्वांच्या परिचयाचे आहे : 'सुटलीस बाई.' या सांत्वनात खोटे काही नाही. वर्षानुवर्षे मार खाल्लेली, उसनवारी फेडलेली, रात्री दाराशी कान लावून बसलेली स्त्री खरोखर सुटलेली असते. पण सुटलेल्या माणसाने रडावयाचे कसे, याला या वाक्यात जागा नाही. सुटका आणि शोक एकाच देहात नांदू शकतात हे आपल्या लोकभाषेने गृहीत धरलेले दिसत नाही.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकासाठी एक संज्ञा रूढ केली. ज्या दुःखाला समाज उघडपणे मान्यता देत नाही, ज्याचा विधी होत नाही आणि ज्याला आधार मिळत नाही, त्याला त्यांनी अधिकारवंचित शोक मानले. पुढे बाथ आणि स्टर्लिंग या ब्रिटिश विद्यापीठांतील संशोधकांनी २०१२ ते २०१५ या काळात दारू किंवा अमली पदार्थांमुळे आप्त गमावलेल्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. ख्रिस्टीन व्हॅलेंटाइन यांच्या संपादनाखाली २०१७ मध्ये त्यावर ग्रंथही निघाला. समाजशास्त्राच्या अंगाने हे काम मोलाचे आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मात्र वाङ्मयीन आहे. भारतीय भाषांतील साहित्याने मद्यपीच्या अधःपतनाचे आणि मरणाचे चित्रण विपुल केले. मग त्याच्यामागे उरलेल्या माणसाला विलापाची भाषा का दिली नाही? आणि जिथे दिली, तिथे ती कोणत्या वाङ्मयप्रकारातून आली?

माझ्या मते या प्रकारच्या साहित्यात शोकाच्या आधी एक जबानी द्यावी लागते. कोण चुकले, कोणी अडवले नाही, पहिला प्याला कोणी पुढे केला, या प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज मागे उरलेल्याला रडण्याची परवानगी मिळत नाही. आणि उत्तरे देता देता विलापच साक्षीचे रूप घेतो.

येथे 'व्यसन' या शब्दाचा प्रवास ध्यानात घ्यावा लागेल. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुणरसाचे विभाव सांगितले आहेत. शाप, क्लेश, इष्टजनवियोग, वैभवनाश, वध, बंधन यांच्याबरोबर त्या यादीत 'व्यसन' हाही शब्द आहे. तेथे त्याचा अर्थ संकट, विपत्ती असा आहे. राजाच्या दुर्गुणांनाही संस्कृतात हाच शब्द लागतो. कौटिल्याने आठव्या अधिकरणात राज्यावरील आपत्तींचा आणि मृगया, द्यूत, स्त्री, मद्यपान यांचा विचार एकाच नावाखाली केला आहे. अर्थात जे माणसावर कोसळते आणि जे माणूस स्वतःला लावून घेतो, ती दोन्ही 'व्यसने'च. आधुनिक मराठीने यातला पहिला अर्थ टाकून दिला. शब्द एकेकाळी करुणाचा विभाव होता. आज तो उच्चारताच करुण मावळतो. हा केवळ कोशगत बदल म्हणून सोडून देता येणार नाही.

याचा अर्थ प्राचीनांपाशी मद्यपीविषयी सर्वत्र अनुकंपा होती असा मात्र नव्हे. सुरापान हे महापातकांत मोडत असे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या अशौचप्रकरणात ज्यांचे सुतक धरू नये व ज्यांना उदक देऊ नये अशांची गणना आहे, तिच्यात सुरा पिणाऱ्या स्त्रिया येतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही तसा निर्देश आहे. डोका ज्याला सामाजिक नकार म्हणतात त्याचे हे धर्मशास्त्रीय रूप होय. तेथे नकार संकेताने दिलेला नाही, विधीच काढून घेतलेला आहे. आणि तो प्रथम स्त्रीच्या बाबतीत काढून घेतला आहे, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

महाभारताने या नकाराची एक मोठी कथा सांगितली आहे. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर पुत्रांच्या प्रेतांपुढे कृष्णाला उद्देशून जो विलाप करते, तो भारतीय शोकवाङ्मयाचा मानदंड म्हणावा लागेल. एकेका प्रेताजवळ थांबत, एकेकाचे नाव घेत तो विस्तारत जातो आणि शापात संपतो. यादव परस्परांना मारतील आणि आज भरतकुळाच्या स्त्रिया जशा रडत आहेत तशाच तुझ्या कुळाच्या स्त्रियाही रडतील, असा त्या शापाचा आशय. छत्तिसाव्या वर्षी शाप फळतो. मौसलपर्वात द्वारकेत मद्य गाळण्यास बंदी होते, मोडणाऱ्यास सुळाची शिक्षा ठरते. तरीही प्रभासक्षेत्री यादव पितात. सात्यकी कृतवर्म्याला सौप्तिक संहारावरून हिणवतो आणि एरकांच्या मुसळांनी कुळ संपते. शापाचा पूर्वार्ध सविस्तर वर्णिला आहे. उत्तरार्धाचे, म्हणजे स्त्रियांच्या रडण्याचे काय? द्वारकेतील आक्रोश येतो, पण तो समूहाचा आणि ओझरता. एकेका मृतापाशी थांबणारी गांधारी यादवांच्या वाट्याला आलेली नाही. युद्धात मेलेल्यांसाठी एक संपूर्ण पर्व. मद्यधुंद कलहात मेलेल्यांसाठी काही श्लोक.

या पर्वात व्यक्ती म्हणून शोक करतो तो वसुदेव. अर्जुनापुढे बोलताना तो आधी नावे घेतो : सात्यकीला मी दोष देत नाही, कृतवर्म्याला देत नाही, अक्रूराला नाही, प्रद्युम्नाला नाही; ऋषींचा शापच याला कारण. कुरुक्षेत्रावर पुत्र गमावलेल्या गांधारीला दोष द्यावयाचा असतो आणि ती तो देते. वसुदेवाला दोष काढून घ्यावा लागतो. घरातीलच माणसांनी, पिऊन, एकमेकांना मारले असता बापाने कोणासाठी रडावे? तो आधी सर्वांना निर्दोष ठरवतो, तेव्हा कोठे त्याला सर्वांसाठी रडता येते. या प्रकारच्या शोकातील जबानीचे मला आढळलेले हे सर्वांत जुने उदाहरण आहे. तिच्यातील औदार्य आणि केविलवाणेपण दोन्ही नंतरच्या साहित्यात फारसे आढळत नाहीत.

मराठीत या विषयाचा विचार 'एकच प्याला'पासून सुरू होतो व बऱ्याच अंशी तेथेच अडतो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि २० फेब्रुवारीस बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने नाटकाचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांविषयी आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की येथे त्याची पुनरुक्ती नको. मला लक्ष वेधावयाचे आहे ते शेवटच्या भागातील एका प्रसंगाकडे. दारूच्या धुंदीत सुधाकराने घातलेल्या काठीने मूल जाते, सिंधू मरणोन्मुख होते. पोलीस जबाब घ्यावयास येतात आणि सिंधू सांगते की आपण पडलो. पतिव्रतेच्या आदर्शाची परिसीमा म्हणून या प्रसंगाचे गुणगान झाले आणि पुढे त्याच कारणाने त्यावर टीकाही झाली. दोन्ही पक्षांनी या प्रसंगाचा कायदेशीर आकार दुर्लक्षिला आहे. ही मृत्युपूर्व जबानी आहे. नुकतेच मूल गेलेल्या आईच्या मुखी नाटककाराने मुलासाठी विलाप देण्यापूर्वी पोलिसापुढील निवेदन दिले आहे. आपल्या मुलाच्या मृत्यूसाठी रडणे म्हणजे नवऱ्यावर आरोप करणे. तेव्हा नवऱ्याला वाचवावयाचे तर मुलाचे दुःखही खऱ्या नावाने उच्चारता येत नाही. सिंधूच्या वाट्याला आलेली कोंडी ती हीच. पातिव्रत्याच्या चर्चेत ती झाकली गेली.

पडदा पडतो तेव्हा मूल, सिंधू आणि विष घेतलेला सुधाकर हे तिघेही गेलेले असतात. शोकांतिकेच्या दृष्टीने हा शेवट अटळ मानला गेला आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र तो फार सोयीचा आहे, कारण जिला उरलेले आयुष्य या मरणासह काढावे लागले असते तिलाच नाटकाने उरू दिले नाही. तरीही एक व्यक्ती उरते. शरद ही सुधाकराची बहीण आहे. स्वतः बालविधवा आहे. भाऊ, भावजय आणि भाचा तिने एकदम गमावले. नाटकाने तिला विधवाविवाहाच्या उपकथानकात गुंतवून ठेवले आहे आणि शेवटचे शब्द तिचे नाहीत. समीक्षेनेही तिला फारसे काही विचारलेले नाही. तळीरामाच्या आजारपणाचा प्रवेश तर डॉक्टर आणि वैद्य यांच्या चढाओढीच्या विनोदात रंगतो. तळीरामासाठी कोणी रडावे अशी अपेक्षाच प्रेक्षकाला शिवत नाही. मद्यपाननिषेधाच्या नाटकात मृत्यू हे गणिताचे उत्तर असते. उत्तर आले की पाटी पुसावयाची.

हा आकार रंगभूमीपुरता राहिलेला नाही. बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी लागू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेक माणसे दगावली तेव्हा मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी, जो पिईल तो मरेल, अशा आशयाचे विधान करून भरपाई नाकारली. एप्रिल २०२३ मध्ये मोतिहारीकडील मृत्यूंनंतर धोरण बदलले आणि २०१६ पासूनच्या मृतांच्या कुटुंबांना ४ लाख रुपये देण्याची घोषणा झाली. पण अट अशी की मृत्यू दारूनेच झाला व ती कोठून आणली हे कुटुंबाने लिहून द्यावे आणि दारूबंदीला आपला पाठिंबा असल्याचेही सांगावे. धोरण योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. परंतु या अर्जाचे वाङ्मयीन रूप पाहण्यासारखे आहे. त्यात कबुली आहे, साक्ष आहे आणि शेवटी बोधवाक्यही आहे. मुलगा गेलेल्या बापाने सरकारदरबारी 'एकच प्याला'च्या शेवटच्या प्रवेशाची नक्कल करावयाची आहे. सिंधूने खोटे सांगून जे टाळले ते येथे खरे सांगून मिळवावयाचे आहे. शोकाच्या आधी जबाब, हा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच.

'एकच प्याला' लिहिले गेले त्याच सुमारास, १९१७ मध्ये, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांचा 'देवदास' पुस्तकरूपाने आला. चित्रपटांमुळे आपल्या मनात ठसला आहे तो पार्वतीच्या तोंडावर बंद होणारा दरवाजा. मूळ कादंबरिका अधिक कठोर आहे. हातीपोत्याच्या जमीनदाराच्या वाड्यासमोर झाडाखाली मरून पडलेल्या माणसाच्या प्रेताला कोणी शिवत नाही. शेवटी ते कसेबसे अर्धवट जाळून टाकून दिले जाते आणि पशुपक्षी त्यावर येतात. पार्वतीला कळते ते नंतर. धावत सुटते तेव्हा तिला धरून आणले जाते. म्हणजे येथे एकीकडे विधी नाकारलेला देह आहे आणि दुसरीकडे रडण्याचा हक्कच नसलेली स्त्री, कारण ती या मृताची कोणीच लागत नाही. अधिकारवंचित शोकाची याहून नेमकी मांडणी त्या सिद्धांताच्या ग्रंथांतही मिळणे कठीण आहे.

मग शोक करतो कोण? अखेरच्या परिच्छेदात निवेदक वाचकाकडे वळतो आणि देवदाससारख्या दुर्दैवी, असंयमी माणसासाठी प्रार्थना करण्याची विनवणी करतो. मरताना निदान एखादा मायेचा हात कपाळावर असावा, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी दिसावे, एवढेच मागणे. भाबडेपणाचा आरोप या परिच्छेदावर झाला आहे व तो अगदीच निराधार नाही. तथापि रचनेच्या दृष्टीने त्याचे काम वेगळे आहे. कथेतील एकाही पात्राला जे करता आले नाही ते निवेदक वाचकावर सोपवतो. तोही मृताला पापी म्हणतच सोपवतो. जबानीतून त्याचीही सुटका नाही. पण गडकऱ्यांचा प्रेक्षक घरी धडा घेऊन जातो आणि शरच्चंद्रांचा वाचक सुतक घेऊन जातो, हा फरक लहान नव्हे.

नाटक-कादंबरीने जे केले नाही ते अखेर आप्तांच्या गद्याने केले, आणि या बाबतीत उर्दूचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. १९५५ या एकाच वर्षाने उर्दूतले दोन मोठे लेखक दारूने नेले : १८ जानेवारीला लाहोरात सआदत हसन मंटो आणि ५ डिसेंबरला लखनौत असरारुल हक मजाज. मंटोचा भाचा हामिद जलाल याने आपल्या मामूंवर लिहिलेला लेख मी वारंवार वाचला आहे. त्यात वेड्यांच्या इस्पितळातील उपचार आहेत, सुधारल्याच्या आशा आणि पुन्हा कोसळणे आहे, एकत्र राहणाऱ्या घराने पाळलेली पाळत आहे. शेवटच्या घटकांत मंटोने मद्य मागितले आणि चमचाभर त्याच्या तोंडात घातले गेले, हेही आहे. मरणाऱ्याच्या मुखी पाणी घालण्याचा आचार ज्या उपखंडात धर्माधर्मांतून पाळला जातो तेथे ही नोंद किती जोखमीची आहे हे सांगावयास नको. चमचा पुढे करणे म्हणजे सर्व वर्षांच्या लढाईत शेवटच्या क्षणी हार मानणे, आणि त्याच वेळी मरणाऱ्याची शेवटची इच्छा पुरवणे. जलाल दोहोंतील एक अर्थ निवडत नाही. तरीही संपूर्ण लेखाला बचावनाम्याचा सूर आहे. घराने काय काय केले हे वाचकाला पटवावे लागते आहे, हे जाणवत राहते.

मजाजचे मरण अधिक एकाकी. थंडीच्या रात्री पिण्याच्या बैठकीनंतर सोबती निघून गेले आणि तो दारूगुत्त्याच्या गच्चीवर तसाच राहिला. बेशुद्धावस्थेत सापडल्यावर इस्पितळात त्याचा अंत झाला. या मृत्यूविषयी उर्दूत साठ वर्षांहून अधिक काळ जबान्याच चालू आहेत : बरोबर कोण होते, कोण आधी उठले, कोणी का नेले नाही. त्याची बहीण हमीदा सालिम हिने आपल्या लेखाला 'जग्गन भैया' हे नाव दिले. रात्री जागत राहतो म्हणून घरात पडलेले ते नाव. जगाला ठाऊक असलेला कवी मजाज आणि त्याहून ठाऊक असलेला मद्यपी मजाज, या दोघांच्याही आधीचा एक मुलगा शीर्षकातच पुन्हा उभा राहतो. शरदला गडकऱ्यांनी जे दिले नाही ते हमीदाने स्वतः घेतले.

तुलनेसाठी एक दूरचे पण अकारण न आणलेले उदाहरण. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांची मुलगी टेरी डिसेंबर १९९४ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरी दारूच्या अमलात बर्फात पडून गोठून गेली. १९९६ मध्ये बापाने तिच्यावर पुस्तक लिहिले. लखनौच्या गच्चीवरची थंडी आणि मॅडिसनमधले बर्फ यांतील साम्य वरवरचे म्हणून सोडून देता येईल. पण मॅकगव्हर्न यांना जाळणारी गोष्ट वेगळीच होती : सल्लागारांच्या सांगण्यावरून शेवटच्या काही महिन्यांत कुटुंबाने तिच्यापासून अंतर राखले होते. जिवंतपणी जो शहाणपणा मानला गेला तोच मरणानंतर गुन्हा होऊन बापाच्या पुढ्यात उभा राहिला. मुलीच्या दैनंदिन्या वाचत तो स्वतःचीच उलटतपासणी करतो. जलाल घराचा बचाव करतो, मॅकगव्हर्न घरावर आरोप ठेवतो. न्यायालय दोघांच्याही डोक्यातून जात नाही.

बंगालीत सुरमा घटक यांचे 'ऋत्विक' हे पुस्तक याच ओळीत ठेवावे लागेल. ऋत्विक घटक ६ फेब्रुवारी १९७६ रोजी गेले. त्याआधीच 'युक्ती तक्को आर गप्पो' या चित्रपटात मद्यपी नीलकंठाची भूमिका करून त्यांनी आपली मरणोत्तर जबानी जिवंतपणीच दिली होती, आणि चित्रपटाच्या आरंभी मुलाला घेऊन घर सोडणारी पत्नीही स्वतःच रंगवली होती. अशा वेळी पत्नीला जे लिहावे लागते त्यात केवळ मृताशी बोलणे नसते, मृताने करून ठेवलेल्या आपल्या चित्राशीही बोलणे असते. कलावंत मद्यपीच्या घरच्यांची ही जास्तीची अडचण आहे. तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

मराठीत व्यसनाविषयी नंतर आलेले महत्त्वाचे लेखन वृत्तांताचे आणि पुनर्वसनाचे आहे. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिले, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले, आणि तेथून व्यसनमुक्तांच्या कथनांची एक परंपराच सुरू झाली. तिचे सामाजिक मोल वादातीत आहे. पण तिचा नायक वाचलेला माणूस आहे. न वाचलेला तेथे इशारा म्हणून येतो. मुक्तांगणात व्यसनींच्या पत्नींसाठी चालणाऱ्या गटाला 'सहचरी' असे सुंदर नाव आहे. नवरा गेल्यावर त्या स्त्रीला कोणत्या नावाने हाक मारावयाची, हे मात्र मराठी भाषेने ठरवलेले नाही. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश संशोधनातून २०१५ मध्ये पोलीस, डॉक्टर, अंत्यसंस्कार करणारे अशा सर्वांसाठी जी मार्गदर्शिका निघाली, तिच्या पाच मुख्य सूत्रांपैकी एक भाषेविषयी आहे. मृताला लेबल लावणारा एक शब्द मागे उरलेल्याला किती दूर लोटतो, हे तेथे व्यवहाराच्या पातळीवर ओळखले गेले. आपल्या विद्याशाखेने हे काम आधी करावयास हवे होते, कारण 'दारूपायी' या शब्दातील 'पायी' ऐकू येणे हे समीक्षकाचेच काम आहे.

निदान भाषांतरापासून आरंभ करता येईल. हमीदा सालिम यांचा लेख मराठीत आणताना पहिली अडचण शीर्षकाचीच येते. 'जग्गनदादा' म्हटले तर अवधच्या घराचा वास जातो. 'जग्गन भैया' तसेच ठेवले तर मुंबईच्या मराठीने 'भैया' या शब्दाला जो तुच्छतेचा अर्थ चिकटवला आहे तो आधी वाचला जाईल, आणि बहिणीने निंदेतून सोडवून आणलेला भाऊ आपण पुन्हा एका निंदाव्यंजक शब्दाच्या हवाली करू. मला स्वतःला 'भैया' ठेवणेच योग्य वाटते. तो बहिणीच्या तोंडचा शब्द आहे, आणि पहिल्या काही ओळींत ती तो इतक्या सहजपणे वापरते की मराठी वाचकाच्या कानातील दुसरा अर्थ तेथे टिकेल असे वाटत नाही.